गरिबाची बाजू कोण मांडणार?



दानिएलच्या ग्रंथाच्या १३ व्या अध्यायात सुसान्नाची कथा आहे. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर खोटा आळ घेतला. ते प्रतिष्ठित होते, म्हणून लोकांनी चौकशी न करताच तिला मरणदंड ठोठावला. तेव्हा देवाच्या प्रेरणेने तरुण दानिएल पुढे आला. त्याने दोघांना वेगवेगळे करून विचारले, ही घटना कोणत्या झाडाखाली घडली? दोघांनी दोन निरनिराळी झाडे सांगितली आणि सुसान्ना वाचली. तिला वाचवण्यासाठी आकाशातून अग्नी पडला नाही. कोणीतरी तिच्या बाजूने उभे राहून योग्य प्रश्न विचारला.

आपल्या देशात गरिबासाठी हा प्रश्न कोण विचारणार? पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले. खरे काय ते पाहण्यासाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना तुरुंगात पाठवण्यात आले. १९५५ साली धर्मभगिनींनी सुरू केलेली ही संस्था. तुरुंगातील स्त्रियांना कायद्याची मदत मिळण्याची पुरेशी सोय नाही, असे त्यांच्या अहवालातून पुढे आले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला आदेश दिले. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे. अटकेचे कारण व जामिनाचा हक्क सांगावा. अटक झालेल्याच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावावे आणि त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे. एका पत्रातून एवढे घडले.

पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याने स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीत धरले जात नाही. तरीही त्यांनी निराश होऊ नये. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांनाही ही मदत मिळते. आपल्या विश्रामबागला लागूनच विजयनगरमध्ये जिल्हा न्यायालय आहे. तेथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

काही जण विचारतात, गुन्हेगाराला वकील कशाला? पण तो गुन्हेगार आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच तर दुसरी बाजू ऐकायची असते. सुसान्नाही लोकांच्या दृष्टीने दोषीच होती. निकदेमनेही परूशांना हेच सुनावले होते (योहान ७). आणि मत्तयच्या २५ व्या अध्यायात प्रभू तुरुंगातील माणसाशी एकरूप होतो, तेव्हा तो निर्दोष असला तरच, अशी अट घालत नाही.

म्हणून या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. शेजारच्या घरातील कोणाला अटक झाली, तर त्या कुटुंबाकडे पाठ फिरवू नये. जामिनासाठी दागिने गहाण टाकण्याआधी किंवा मध्यस्थाला पैसे देण्याआधी त्यांना मोफत वकिलाची माहिती द्यावी. वाचता न येणाऱ्याला अर्ज लिहून द्यावा आणि शक्य असल्यास त्याच्याबरोबर न्यायालयापर्यंत जावे.

गरिबांचे वकील म्हणून ओळखले जाणारे संत इव्हो (१२५३–१३०३) यांचा सण १९ मे रोजी असतो. त्यांच्या मध्यस्थीने, ज्यांची बाजू मांडायला कोणी नाही त्यांच्याजवळ उभे राहण्याचे धैर्य प्रभू आपल्याला देवो. आमेन.