संगणकातील नावे आणि चिन्हमालांची हाताळणी

'कटंगी' हे नाव शाळेतील फळ्यावर लिहिले, तर तिसरी-चौथीतील मूलदेखील त्यात तीन अक्षरे आहेत असे सांगेल. हाच प्रश्न संगणकास विचारला असता त्याचे उत्तर पाच असे येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मूल अक्षरे मोजते, तर संगणक क, ट, अनुस्वार, ग आणि दीर्घ वेलांटी ही चिन्हे एकेक करून मोजतो. अशा ओळीने मांडलेल्या चिन्हांस संगणकशास्त्रात 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला चिन्हमाला म्हणू. शासकीय नोंदींतील नावे, गावे व पत्ते या सर्व चिन्हमालाच होत. त्या हाताळण्यासाठी प्रत्येक संगणकभाषेत काही तयार फंक्शने असतात. आज अनेक महाविद्यालयांत शिकविल्या जाणाऱ्या पायथन या भाषेतील नेहमीच्या फंक्शनांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

हा विषय बालाघाट जिल्ह्यातील वाचकांस विशेष जवळचा वाटावा. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा, नागपूर आदी आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. सोयरीक मात्र राज्याची सीमा पाहून होत नाही. त्यामुळे एकाच कुटुंबाचे काही कागद मराठी वळणाचे, तर काही हिंदी वळणाचे असणे येथे नवलाचे नाही. मनुष्य असे दोन कागद शेजारी ठेवून क्षणात जुळवितो. यंत्र चिन्हास चिन्ह ताडून पाहते. एक चिन्ह जरी वेगळे निघाले तरी 'जुळत नाही' असा शेरा देते आणि शिष्यवृत्तीचा वा निवृत्तिवेतनाचा अर्ज तेथेच अडकतो.

प्रथम लांबी मोजणारे 'लेन' घेऊ. 'कटंगी'साठी ते ५ आणि 'बालाघाट'साठी ७ हे उत्तर देते. येथे एक खाचखळगा आहे. सी या जुन्या भाषेतील लांबी मोजणारे फंक्शन चिन्हे न मोजता साठवणुकीतील बाइट मोजते. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. म्हणून तेथे 'कटंगी' पंधराची भरते. नावाच्या रकान्यास तीस बाइटांची मर्यादा ठेवली, तर रोमी लिपीतील तीस अक्षरे मावतात. देवनागरीची मात्र दहाच चिन्हे मावतात आणि पुढील नाव छाटले जाते. नमुना तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट आधीच विचारात घ्यावी.

'स्ट्रिप' हे फंक्शन मालेच्या आरंभी व अखेरीस राहिलेली मोकळी जागा काढून टाकते. नाव लिहून झाल्यावर चुकून एकदा अधिक दाबलेली कळ डोळ्यांस दिसत नाही, यंत्रास दिसते. 'स्प्लिट' माला तोडते. 'कटंगी, जिल्हा बालाघाट' ही माला स्वल्पविरामावर तोडली, तर दोन तुकडे मिळतात. पण दुसऱ्याच्या आरंभी मोकळी जागा राहतेच, म्हणून त्यास पुन्हा 'स्ट्रिप' लावावे. तुकडे सांधण्यास 'जॉइन' आहे. 'फाइंड' शोध घेते. 'बालाघाट'मध्ये 'घाट' कोठे आहे असे विचारता ते ४ असे सांगते, कारण मोजणी शून्यापासून होते. न सापडल्यास उणे १ असे उत्तर येते. मोठी व लहान लिपी बदलणारी 'अपर' आणि 'लोअर' ही फंक्शने रोमी लिपीसाठी आहेत. देवनागरीत तो भेदच नसल्याने ती येथे काहीच करीत नाहीत. माला उलटी करण्याचा खेळ इंग्रजी पुस्तकांत हमखास असतो. तो 'कटंगी'वर करून पाहिल्यास वेलांटी सर्वांच्या आधी येऊन निराधार लोंबकळू लागते. विद्यार्थ्यांस अक्षर आणि चिन्ह यांतील फरक समजावण्यास याहून सोपा प्रयोग नाही.

खरी अडचण पुढे आहे. कटंगीच्या शेजारील तिरोडीचे नाव घ्या. मराठीत ते साध्या 'ड'ने लिहितात, हिंदीत 'ड'खाली नुक्ता देतात. हा नुक्त्याचा 'ड़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकतर स्वतंत्र एकच चिन्ह म्हणून, अथवा 'ड' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. परंतु पहिल्या प्रकारे लिहिलेल्या 'तिरोड़ी'ची लांबी सहा, तर दुसऱ्याची सात भरते. मराठी 'तिरोडी' धरल्यास एकाच गावाच्या तीन निरनिराळ्या माला झाल्या! परसवाड्याचीही तीच कथा.

यावर उपाय आहे, पण त्यातील क्रम महत्त्वाचा. पायथनच्या 'युनिकोडडेटा' या संचात 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन आहे. 'एनएफसी' या प्रकाराने ते चालविल्यास एकचिन्ही 'ड़' सुटून 'ड' व नुक्ता अशी दोन चिन्हे होतात. त्यानंतर 'रिप्लेस' या फंक्शनाने नुक्त्याच्या जागी रिकामी माला ठेवावी. आता तिन्ही रूपे जुळतात. क्रम उलटा केल्यास एकचिन्ही 'ड़' सुटतो, पण त्याचा नुक्ता तसाच राहून जातो. हा सर्व संस्कार जुळणीपुरत्या प्रतीवर करावा, मूळ नोंदीस हात लावू नये.

मग 'ळ'चे काय? बाळकृष्ण हे नाव हिंदी कागदावर बालकृष्ण होते, तेव्हा 'रिप्लेस'ने प्रत्येक 'ळ'चा 'ल' करून मोकळे व्हावे, असा मोह होतो. तो आवरावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. नुक्ता काढल्याने गावाच्या नावात सहसा घोटाळा होत नाही. काळे आणि काले ही मात्र दोन भिन्न कुटुंबे असू शकतात. खऱ्या हक्कदाराचा अर्ज चार दिवस थांबला तर तो सोडविता येतो. परक्याच्या खात्यात गेलेली रक्कम परत आणणे कठीण. अशा जोड्या यंत्राने वेगळ्या काढून द्याव्यात आणि जन्मतारीख, वडिलांचे नाव, गाव पाहून निर्णय कर्मचाऱ्याने घ्यावा.

'ळ'ची आणखी एक गंमत याद्या करताना दिसते. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे, युनिकोडच्या तक्त्यात मात्र 'ल'च्या लगेच पुढे. त्यामुळे 'सॉर्ट'ने लावलेल्या यादीत काळे हे काशीकरांच्या आधी येतात. हजेरीपटावर मुलाचे नाव नेहमीच्या जागी सापडले नाही, तर शिक्षकांनी ते गळले असे समजण्यापूर्वी 'ल'च्या आसपास एकदा पाहावे.