चित्रांवर पोट भरायचं तर: पैठणमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

दहावी-बारावीचा निकाल लागला की चित्रकलेच्या शिक्षकांना दोन प्रकारचे पालक गाठतात. पहिले म्हणतात, "सर, एवढं खूळ काढा याच्या डोक्यातून." दुसरे जरा घुटमळतात आणि विचारतात, "सर, हिला यातच पुढे जायचंय. किती खर्च येईल?" हा मजकूर दुसऱ्यांसाठी आहे. पहिल्यांनीही वाचायला हरकत नाही. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीशी तुलना केली तर सरकारी कला महाविद्यालयाचा मार्ग बराच स्वस्त आहे. महाग पडतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी: शिक्षण संपल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आणि न वाचता सही केलेला कागद.

खाली दिलेले बाजारभाव ढोबळ आहेत. खरेदीच्या दिवशी ते पुन्हा विचारून घ्या.

गावातलाच जुना धंदा

पैठण म्हटलं की पैठणी, नाथषष्ठी आणि जायकवाडी. चित्रकथीचं नाव गावातसुद्धा फारसं कुणी घेत नाही. पण चित्रांतून गोष्ट सांगून पोट भरणाऱ्या या लोकांची चित्रं आज देशोदेशीच्या संग्रहालयांत 'पैठण शैली' याच नावाने ओळखली जातात. फूट बाय सव्वा फुटाच्या आसपासचे कागद, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने दिसणारी माणसं, आणि अशा सुट्या पानांची एक पोथी. एका पोथीत एक आख्यान. कथेकरी पान उभं धरतो, गातो, प्रसंग संपला की पान उलटतो. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही चित्रं पाहायला मिळतात. परंपरा जिवंत पाहायची असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं लागतं. तिथल्या ठाकर समाजाने ती टिकवली आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. मणी कौल यांनी १९७७ साली 'चित्रकथी' नावाचा माहितीपटही केला.

हे सगळं अभिमानासाठी सांगत नाही, हिशेबासाठी सांगतोय. चित्रकथी पोथी विकत नसे. चित्र एकदा काढलेलं असे, ते घरात पिढ्यान्‌पिढ्या राही आणि प्रत्येक खेळाला नवा मोबदला मिळवून देई. आजचा चित्रकार नेमकं उलटं करतो. चित्र देतो, पैसे घेतो, विसरतो. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला तेव्हा चित्रकार आणि मालक एकाच खुर्चीत बसले. प्रत्येकाला अंक काढणं जमणार नाही, पण चित्राची मालकी कुणाकडे राहते हा प्रश्न प्रत्येकाला विचारता येतो. त्यावर पुढे येतोच.

शिक्षण

शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देऊन टाका. फी किरकोळ असते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, चार वर्षांचा बीएफए करता येतो. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. पुस्तकांच्या, जाहिरातींच्या चित्रांकडे जायचं असेल तर उपयोजित कला ही शाखा घ्यावी. राज्यात सरकारी कला महाविद्यालयं मोजकीच आहेत आणि त्यातलं एक आपल्या संभाजीनगरात आहे, म्हणजे पैठणहून पन्नासेक किलोमीटर. हा मोठा फायदा आहे. बीडच्या किंवा जालन्याच्या मुलाला खोली भाड्याने घ्यावी लागते, तुम्हाला एसटीने ये-जा करता येते. विद्यार्थी पासात भाड्याचा साधारण एक तृतीयांशच भाग भरावा लागतो.

फीबाबत दोन गोष्टी. सरकारी कॉलेजची फी खासगी डिझाइन संस्थांच्या मानाने नगण्य म्हणावी इतकी कमी आहे. खासगीत वर्षाला लाखाच्या वर सहज जातं. दुसरं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. २०२४ पासूनची ही सवलत आपल्या प्रवेशाला लागू होते का, हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारा आणि महाडीबीटीवरचा अर्ज मुदतीत भरा.

फीपेक्षा जड जातं ते सामान. कागद, रंग, ब्रश, असाइनमेंटचे प्रिंट आणि माउंटिंग यात महिन्याला हजार ते दोन हजार सहज जातात, परीक्षेच्या सत्रात त्याहून जास्त. हा आकडा कुणी आधी सांगत नाही आणि मग घरात कुरकुर होते. तो पहिल्या दिवसापासून धरा.

पदवी लागतेच का? पुस्तकांच्या कामाला कुणी प्रमाणपत्र मागत नाही, नमुने मागतात. पण पदवीशिवाय कलाशिक्षकाची किंवा स्टुडिओतली नोकरी अवघड, आणि पहिल्या वर्षांत तीच नोकरी घर चालवते. माझं मत विचाराल तर सरकारी कॉलेजात नंबर लागला तर जावं. नंबर लागला नाही म्हणून कर्ज काढून महागड्या संस्थेत जाऊ नये.

साधनं: टप्प्याटप्प्याने

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मुलगा यूट्यूबवर कुणाचा तरी झगमगीत स्टुडिओ पाहतो आणि बाबांना लाखाचा टॅब मागतो.

कॉलेजचं सामान सोडून, स्वतःच्या सरावाला पहिल्या वर्षी पाचशे ते हजार रुपये पुरतात: पेन्सिली, पोस्टर कलरचा डबा, तीन ब्रश, कार्ट्रिज कागद आणि एक वही जी रोज खिशात राहील. नाथमंदिराबाहेरची गर्दी, घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, एसटी स्टँडवरचा चहावाला हे सगळं फुकट आहे. षष्ठीला दिंड्या येतात तेव्हा तर एवढी माणसं, एवढे चेहरे, एवढ्या तऱ्हेचे फेटे एका जागी मिळतात की आर्ट कॉलेजच्या मॉडेलची गरज पडू नये.

डिजिटलकडे वळायचं तेव्हा साधा, पडदा नसलेला पेन टॅब्लेट घ्या. अडीच ते सहा हजारांत येतो आणि जुन्या लॅपटॉपलाही जोडता येतो. क्रिटा आणि इंकस्केप ही सॉफ्टवेअर कायमची मोफत आहेत आणि छापण्याजोगं काम देतात. महिन्याचं भाडं घेणारी सॉफ्टवेअर एखाद्या ग्राहकाने तीच फाइल मागितली तरच घ्या, आणि तेही त्याच कामाच्या महिन्यांपुरती. नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर १६ जीबी रॅम बघा. पंचेचाळीस ते साठ हजार धरा. डेस्कटॉप स्वस्त पडतो, पण वीज गेली की तास-दोन तास बसून राहावं लागतं आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जायला कारण लागत नाही. पडद्याचा टॅब्लेट किंवा आयपॅड हातात ठरलेलं काम आल्यावर घ्या. आयपॅड आणि पेन्सिल मिळून चाळीस हजारांच्या पुढे जातं.

हातात पैसा नसेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पण हप्ता फेडण्याइतकं काम आधी दिसू द्या.

दर कसा काढायचा

"एका चित्राचे किती घेऊ?" या प्रश्नाला बाजारात एक उत्तर नाही. दिवाळी अंकातलं छोटं रेखाचित्र, शाळेची भिंत आणि मुलांचं रंगीत पुस्तक यांचा दर एकच कसा असेल? म्हणून दर चित्राचा नव्हे, दिवसाचा काढा.

समजा, पैठणमध्ये घरी राहून तुम्हाला महिन्याला २५,००० रुपये लागतात. साधनांची झीज, इंटरनेट, प्रवास, प्रिंट यांचे २,५०० धरा. एकूण २७,५००. महिन्यात २५ दिवस काम केलंत तरी त्यातले दहा दिवस फोन, नमुने पाठवणं, बिलांचा तगादा आणि स्वतःचा सराव यात जातात. पैसे मिळवून देणारे दिवस उरतात १५. म्हणजे दिवसाचा दर १,८३३, सोयीसाठी १,८५० धरू.

आता एक बालपुस्तक आलं, १२ मोठी चित्रं. पानांची मांडणी आणि कच्चे आराखडे यांना चार दिवस. प्रत्येक चित्राला दीड दिवस, म्हणजे १८. दुरुस्त्यांना तीन. झाले २५ दिवस, गुणिले १,८५०, म्हणजे ४६,२५०. प्रकाशक वीस हजार म्हणाला तर तुम्हाला कळतं की उरलेले सव्वीस हजार तुम्ही पदरचे घालताय. कधी कधी घालावेतही. पहिलं पुस्तक असेल, छापणारा चांगला असेल, हक्क तुमच्याकडे राहत असतील तर जरूर घालावेत. पण डोळे उघडे ठेवून.

सहीच्या आधी

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. निदान तीस टक्के सुरुवातीला, तीस कच्चे आराखडे मंजूर झाल्यावर, बाकी अंतिम फाइल देताना. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा पैसे. काम मध्येच बंद पडलं तर झालेल्या टप्प्याचा मोबदला. हे ईमेलवर लिहून घेतलं तरी मोठा आधार होतो. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला" म्हणणाऱ्याकडूनच थकबाकी जास्त राहते.

आता मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा निर्माता. पण अपवाद नीट वाचा. नोकरीत असताना मालकासाठी केलेलं काम मालकाचं. आणि कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या पेंटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे गप्प राहणं तुमच्या तोट्याचं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून एवढं वाक्य करारात घालाच: 'ही चित्रं अमुक पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीपुरती, अमुक वर्षांसाठी वापरता येतील, इतर भाषा, ई-पुस्तक आणि वस्तूंवरच्या वापरासाठी स्वतंत्र मोबदला ठरेल, कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.' उद्या तेच पुस्तक हिंदीत निघालं की पोथीचं पान पुन्हा उलटलं जाईल आणि पैसे पुन्हा येतील. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. करायची तर एका कलाकृतीला ५०० रुपये शुल्क, आणि मालावर वापरायच्या चित्राला २,०००.

पैठणीच्या विणकरांसाठी नक्षी काढून देणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. मोर, मुनिया, आसावली हे सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाची मालकी नाही. तुमची स्वतःची नवी नक्षी असेल आणि ती मालावर छापली किंवा विणली जाणार असेल, तर मामला डिझाइन कायद्यात जातो. नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने पन्नासांहून जास्त नग निघाले की कॉपीराइटचं संरक्षण संपतं. अशा वेळी आधी वकिलाला विचारणं स्वस्त.

कर आणि सरकारी कागद

घाबरण्यासारखं काही नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. एकाच संस्थेकडून वर्षाला ५० हजारांच्या वर व्यावसायिक शुल्क आलं तर ती १० टक्के टीडीएस कापू शकते. विवरणपत्र भरा, कर लागत नसेल तर परत मिळतो. उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं दलालांची. नोंदणी असेल तर करार असूनही तुमचं बिल ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवता येत नाही, आणि लांबवलं तर तक्रारीला जागा आहे.

गावात काम मिळतं का?

थोडं मिळतं. जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती, गणेश मंडळांचे देखावे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. पत्रिका आणि बॅनरची स्वस्त कामं आता एआयने खाल्ली आहेत, त्यांच्या मागे लागू नका. भिंतीचा दर चौरस फुटावर ठरवा आणि भिंत स्वतः जाऊन बघा. ओल असेल, पोपडे असतील तर घासणं आणि प्रायमर कुणाच्या खर्चाने हे आधी ठरवा. एप्रिल-मे असेल तर सकाळी सातला सुरू करून अकराला ब्रश धुवा. तापलेल्या भिंतीवर रंग ओढला जात नाही. सरकारी पैसा मार्चअखेरीस हलतो, तोपर्यंत रंगाचे पैसे खिशातून जातात हे धरून चाला.

मोठं काम बाहेरून येतं आणि त्यासाठी पैठण सोडावं लागत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्था चित्रमय बालपुस्तकं करतात. माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यांची पुस्तकं ग्रंथालयातून आणून पानं कशी मांडलीत ते बघा. नमुने पाठवताना वीस वेगवेगळी चित्रं पाठवू नका. एकाच गोष्टीची पाच-सहा पानं पाठवा, ज्यात तीच मुलगी प्रत्येक पानावर तीच मुलगी दिसेल. संपादक आधी तेच तपासतो.

आणि वेळ पाळा. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात वाटली जातात, त्यामुळे नमुने मे-जूनमध्ये पोचले पाहिजेत. ऑक्टोबरात पाठवलेले पुढच्या वर्षीच्या फाइलीत जातात.