न तपासता गोळी का सांगत नाही?

"डॉक्टरसाहेब, कुत्र्याला ताप आहे. एखादी गोळी सांगा ना, मेडिकलवरून आणतो." असा फोन मला दर आठवड्याला येतो. मी "घेऊन या" म्हणतो, तेव्हा अनेकांना वाटते की फीसाठी अडून बसलो आहे. वाचकांचा राग मी समजू शकतो. पालम किंवा सेलूहून परभणीला कुत्रे आणायचे, तर रिक्षावालाही नाक मुरडतो.

पण मुळात ताप आहे हे ठरवले कशावरून? बहुधा हात लावून. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असते. निरोगी कुत्राही हाताला गरमच लागतो. गुदद्वारात थर्मामीटर लावल्याशिवाय खरा ताप कळत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बांधलेला कुत्रा धापा टाकत असेल तर तो उष्माघात असू शकतो. तिथे तापाची गोळी कामाची नाही. सावली, अंगावर पाणी आणि पंखा हवा, आणि लगेच दवाखाना.

दुसरा कुत्रा तसाच मलूल, खात नाही; पण त्याला गोचीडताप असतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. त्याला माणसाची वेदनाशामक गोळी दिली तर रक्तस्राव वाढण्याची भीती. फोनवर दोघांचीही तक्रार एकच, "गळून गेलाय."

मांजराची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी रात्री फोन आला, मांजर शिंकते, अंग गरम लागते. "सकाळी आणा" म्हणून मी फोन ठेवला. मधल्या वेळात कुणाच्या तरी सांगण्यावरून घरच्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून पाजली. सकाळी मांजराचे तोंड सुजलेले, हिरड्या मातकट तपकिरी, श्वास जोरात. हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी असते. मग रक्तातले हिमोग्लोबिन बिघडते आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत द्यावा लागतो. ते मांजर दुपारी गेले. "माणसाची कोणतीही गोळी देऊ नका" एवढे वाक्य मी रात्रीच बोलायला हवे होते. ती चूक माझी. आता प्रत्येक फोनवर ते आधी सांगतो.

सर्वांत धोक्याची तक्रार म्हणजे "घशात हाड अडकलंय, तोंड मिटत नाही, लाळ गळते." कधी खरेच हाड असते. पण रेबीजच्या एका प्रकारात कुत्रा चवताळत नाही. त्याचा जबडा लुळा पडतो आणि तो असाच दिसतो. घरातले कोणीतरी हाड काढायला तोंडात हात घालते. कृपया घालू नका. कुत्रा कोंडून ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. लाळ जखमेला लागली असेल किंवा चावा बसला असेल, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा.

शिवाय डोस वजनावर ठरतो. ४ किलोचा पामेरियन आणि ३५ किलोचा अल्सेशियन यांना एकच गोळी कशी चालेल? मादी गाभण आहे का, मूत्रपिंड ठीक आहे का, हेही पाहावे लागते.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या चिकित्सालयात गाई-म्हशींबरोबर कुत्री-मांजरेही तपासली जातात. येताना मांजर झाकणाच्या टोपलीत आणा, कुत्र्याला साखळी लावा. आधी काही दिले असेल तर त्या गोळीचे पाकीट सोबत आणा. मी रागावणार नाही.