पत्त्यांतली कमाई

२०१७ साली निपुण जावा या व्यावसायिक खेळाडूंनी लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेत दोन विजेतेपदे मिळवली. त्यांतले एक आदित्य सुशांत यांच्यासोबत. या खेळाला हिशेब, संयम व माणसाची पारख लागते, हे आपण मान्य करू. पण आपल्या सावनेरच्या खाणीतला कोळसा इतरांच्याही कामी येतो, मळ्यातली संत्री इतरांच्याही मुखी लागतात. पोकरमध्ये एकाने जिंकलेला पैसा दुसऱ्याने हरलेला असतो. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१३) पैजेला सरसकट पाप म्हणत नाही; मात्र स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, तर ती अयोग्य ठरवतो आणि जुगाराच्या गुलामीपासून सावध करतो. म्हणून मुलांच्या फीचा पैसा डावावर लावू नये आणि हरलेल्याच्या कुटुंबाला आपण आधार द्यावा.