पुण्याला निघण्याआधी

यादीत नाव लागलं, आईने देवापुढे साखर ठेवली, मामांचे फोन येऊन गेले. छानच झालं. आता जरा माझ्याजवळ बस आणि नीट ऐक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सोयी भरपूर आहेत, पण एकही सोय तुझा पत्ता शोधत येणार नाही. मागेल तिलाच मिळते. आणि आपल्या घरातल्या मुलींना मागायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी पैशांचं बोलू, कारण तोच विषय तू टाळशील. शिष्यवृत्तीचे बहुतेक सरकारी अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरायचे असतात. अर्ज भरला, पावती काढली, की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं गं. तो आधी विभागाच्या किंवा कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला क्लार्क तपासतो आणि मग पुढे पाठवतो. एखादा कागद अस्पष्ट असला तर अर्ज त्रुटी म्हणून परत येतो आणि तुला पत्ताही लागत नाही. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा लॉगिन करून बघायचंच. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून निवांत राहिलेल्या किती मुली मी पाहिल्यात!

तुझी मैत्रीण इंजिनिअरिंगला चालली आहे ना, तिलाही हे सांग. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. पण मेस, खोली, येणं-जाणं यात धरलेलं नाही. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच ऐकून हिशेब केला तर दिवाळीतच हात आखडतात.

खोलीचं म्हणशील तर, वसतिगृहाचा अर्ज कर, पण त्याच एका आशेवर राहू नकोस. जागा थोड्या, मुली जास्त. औंध-खडकीकडे कॉट बेसिसवर सोय होते. आधी जाऊन संडास-बाथरूम बघायचं, मग डिपॉझिट द्यायचं. वसतिगृहात मैत्रिणीच्या खोलीत चोरून राहणाऱ्यांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. तपासणी झाली की दोघींची पंचाईत.

‘कमवा आणि शिका’चं नाव काढलं तेव्हा तुझं तोंड जरासं उतरलं, ते मी पाहिलं. त्यात कमीपणा कसला? दिवसातले दोन-तीन तास ग्रंथालयात, बागेत किंवा एखाद्या कार्यालयात काम करायचं, तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. विद्यार्थी विकास मंडळ ही योजना चालवतं. या विचाराचं मूळ साताऱ्याचं, कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले होते. त्या पोरांनी काम केलं म्हणून त्यांची मान खाली गेली नाही, तुझी कशी जाईल? माझं म्हणशील तर ग्रंथालयातलं काम माग. पुस्तकं कुठे असतात ते हातांना कळतं आणि ग्रंथपालांशी ओळख होते. पुढे प्रबंधाच्या वेळी या ओळखीचं मोल समजतं.

आता अभ्यासाचं. नव्या धोरणानुसार एम.ए.ची दोन वर्षं मिळून ८८ श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, असतात. घरच्या अडचणीने पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तर पदव्युत्तर पदविका हातात पडते, वर्ष वाया जात नाही. ही दारं माहीत असावीत, पण पहिल्या सहामाहीत रडू आलं म्हणून त्यातून बाहेर पडायचं नाही. निवडीचे विषय घेताना ‘कुठल्यात मार्क पडतात’ हे विचारत फिरू नकोस. सिनिअरला विचार, कुठले सर किंवा मॅडम मुलांनी लिहिलेलं खरंच वाचून परत देतात. तो पेपर घे.

तुझं समाजशास्त्र आहे, तर स्त्री अभ्यास केंद्रातली व्याख्यानं चुकवू नकोस. ते केंद्र १९८७ पासून तिथे आहे. आणि हो, २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, वेळा एकमेकींवर येत नसल्या म्हणजे झालं. विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. तुला जर्मनचं वेड आहेच. पण पहिल्या सहामाहीत नको, आधी शहर अंगवळणी पडू दे.

जयकर ग्रंथालयात सकाळी लवकर जात जा. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचं नाव आहे त्याला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे भल्या पहाटे जागा धरून बसतात. त्यांच्याकडे बघून आठवड्याभरात विषय सोडून एमपीएससीच्या मागे लागू नकोस. ते करायचंच असेल तर ठरवून कर, लाटेत नको.

एक बोलणं जरा अवघड आहे, पण करते. कुणी सिनिअरने त्रास दिला तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, ती चोवीस तास चालू असते. कुणी, मग तो शिक्षक असो, घाणेरडं वागला तर अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करायची, शक्यतो तीन महिन्यांच्या आत. मेसेज पुसायचे नाहीत, तारखा लिहून ठेवायच्या. ‘आईबाबा परत बोलावतील’ या भीतीने गिळून टाकू नकोस. आधी मला फोन कर, बाबांना काय आणि कसं सांगायचं ते माझ्याकडे लागलं. आणि कारण नसताना झोप उडाली, जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरची आठवण येणं वेगळं आणि हे वेगळं.

तुझ्यासोबत ती दृष्टिहीन मुलगी येणार आहे ना, तिला कुणी सांगितलं का कोण जाणे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर लेखनिक मिळतो आणि परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, सहामाही सुरू होतानाच द्यायचा म्हणावं.

बाकी कॅन्टीन, मैत्रिणी, मोठमोठी झाडं, ते तुझं तुला सापडेल. त्यात ताईचं काय काम? तू फक्त फाईल कर. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, वैधता, मार्कशीट, प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स, आणि सगळं स्कॅन करून मोबाइलमध्येही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघून घे. संपत आली असेल तर उद्या सकाळी बाबांबरोबर सेतू केंद्रात जा. तिथे गर्दी वाढण्याआधी, दहाच्या आत पोच.