पूर्ण रेस दिल्यावर गाडी का गुदमरते?

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला माल नेणाऱ्या बंधूंना हा अनुभव नवा नाही. सपाटीवर गाडी बरी चालते, अर्ध्या रेसवर काही तक्रार नसते. पण मागे कापडाचे दोन गठ्ठे बांधलेले असतात, घाट लागतो, रेस पूर्ण पिळावी लागते आणि नेमकी तेव्हाच गाडी खोकू लागते. जणू कोणी तिचे नाक दाबून धरले आहे. मग मिस्त्रीकडे जायचे, तो स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा बाहेरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करतो, गाडी उभ्या जागी छान गुरगुरते, आपण पैसे देऊन निघतो. पुढच्या बाजाराला घाटात तोच तमाशा.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी इंजेक्शनने घेतली. हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. मात्र फेरीवाले, शिंपी, बांगडीवाले, भंगारवाले यांच्या हाती आजही जुन्याच गाड्या जास्त आहेत. आमचा धंदा कापडाचा, मिस्त्रीगिरी आम्ही शिकलो नाही. पण नुकसानीतून जे कळले ते सांगण्यास हरकत नसावी.

१९९८ च्या जानेवारीत रमजान होता. ईदच्या आधीचा बाजार म्हणजे आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. दोन स्ट्रोकची एक जुनी गाडी आमच्याकडे होती आणि ती पेट्रोल फार खाते अशी आमची तक्रार होती. एका मिस्त्रीने "मायलेज काढून देतो" म्हणून आतील मेन जेट बदलून बारीक भोकाचा घातला. मायलेज खरेच वाढले आणि आम्ही त्याला दुवा दिली. आठ दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत सेहरीनंतर माल लादून निघालो. घाटाच्या वरच्या अंगाला इंजिनाने एकदम मागचे चाक धरले. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला होता. रोजा तोंडात, गठ्ठे रस्त्याच्या कडेला आणि बाजार तिकडे भरलेला! बोअर आणि पिस्टनचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट झाला, बाजार गेला तो वेगळाच. मिस्त्रीला आम्ही दोष दिला, पण मागणी आमचीच होती हेही कबूल केले पाहिजे.

आता मूळ गोष्ट. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठते. त्यात तरंगणारा फ्लोट वर आला की सुई भोक बंद करते, खाली गेला की उघडते, म्हणून पातळी एकसारखी राहते. ही युक्ती आजची नाही. अल-जज़री या कारागिराने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणघड्याळाची धार एकसारखी ठेवण्यासाठी असाच फ्लोट वापरला आहे. या वाटीतून पेट्रोल वर ओढले जाते ते वेगवेगळ्या वाटांनी. रेस बंद असताना व पाव भागापर्यंत पायलट जेट आणि तो बाहेरचा स्क्रू काम करतो. पाव ते पाऊण रेसपर्यंत स्लाइडला लटकणारी लांब सुई हिशेब ठेवते. पाऊण रेसच्या पुढे सुई जवळजवळ बाजूला होते आणि सगळा कारभार वाटीतल्या पितळी मेन जेटच्या भोकावर येतो. म्हणजे पूर्ण रेसचा आजार बाहेरच्या स्क्रूने बरा होणे नाही. सदऱ्याची बाही तोकडी असताना कॉलर उसवण्यासारखे ते आहे.

आजार कोणत्या रेसला होतो हे नक्की करण्यासाठी आम्ही शिंप्याचा खडू वापरतो. रेसच्या मुठीवर एक रेघ आणि शेजारच्या स्थिर भागावर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा कराव्यात. गाडी कोणत्या खुणेवर खोकते ते लक्षात ठेवावे. तक्रार फक्त शेवटच्या खुणेवर असेल तरच पुढे वाचावे.

पण जेटला हात लावण्याआधी पेट्रोल आणि हवा नीट येतात की नाही हे पाहावे. आमच्या पाहण्यात निम्म्याहून जास्त गाड्या येथेच बऱ्या होतात. वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून, कॉक उघडा ठेवून, पेट्रोल बाटलीत मिनिटभर पडू द्यावे. इंजिन थंड असावे, जवळ बिडी-काडी नसावी. धार बारीक होत गेली तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले आहे. तरीही वाढली नाही तर कॉकची जाळी काढून धुवावी. आमच्याकडील काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये किती बसते ते सांगायला नको. दोन स्ट्रोकच्या गाडीचा सायलेन्सर काजळीने भरला असेल तरी पूर्ण रेसला ती अशीच गुदमरते. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे, कार्ब्युरेटर निर्दोष आहे. जुन्या पल्सरसारख्या काही गाड्यांत स्लाइड हवेच्या ओढीने रबरी पडद्यावर उचलली जाते. तो पडदा फाटला की मुठ पूर्ण पिळूनही स्लाइड पूर्ण उघडत नाही.

हे सगळे ठीक असेल तर प्रश्न राहतो की पेट्रोल कमी पडते की जास्त होते. पहाटेच्या वेळी मोकळा, सरळ, चढाचा रस्ता निवडावा. घाटाच्या वळणावर हा प्रयोग कदापि करू नये. पूर्ण रेसवर गाडी खोकत असताना मुठ किंचित मागे घ्यावी. त्याने गाडीने जोर धरला, किंवा चोक थोडा ओढल्यावर बरी चालली, तर पेट्रोल कमी पडते आहे. चोकने आणखी बिघडली, आवाज जड आणि घोगरा झाला, मागे काळा धूर दिसला, तर पेट्रोल जास्त आहे.

पक्का पुरावा प्लग देतो. नवा किंवा स्वच्छ प्लग लावून पूर्ण रेसवर थोडे अंतर न्यावे, मग मुठ न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करावी. गाडी थांबेपर्यंत घरंगळू द्यावी आणि प्लग काढून पाहावा. फडके हातात घ्या, प्लग फार तापलेला असतो. आतील चिनी मातीचा भाग पांढराफट असेल तर पेट्रोल कमी, काळा काजळीचा असेल तर जास्त, फिका तपकिरी असेल तर ठीक. जुने मिस्त्री विटकरी रंग शोधतात. शिसे असलेले पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तेव्हापासून रंग फिकाच येतो. म्हणून चिनी मातीच्या अगदी मुळाशी पाहावे. दुकानासमोर दहा मिनिटे गुरगुरू दिलेल्या गाडीचा प्लग पाहून निदान करणारा मिस्त्री आपल्याला फक्त पायलट जेटची बातमी सांगतो.

जेट बदलताना एका वेळी एकच पायरी घ्यावी, म्हणजे नंबर दोन-अडीचने किंवा पाचने वर-खाली. मोठा नंबर म्हणजे जास्त पेट्रोल. मिकुनीचा नंबर आणि केहिनचा नंबर एकाच मापाने काढलेला नसतो, तेव्हा एकाचा नंबर दुसऱ्यावर धरून जेट घेऊ नये. जेट बदलला की सुई, स्क्रू, फिल्टर यांना त्या दिवशी हात लावू नये. रंगाच्या पातेल्यात एकदम दोन पुड्या टाकल्या तर कोणत्या पुडीने रंग बिघडला ते रंगारी तरी कसे सांगणार? जेट बुजला असेल तर पेट्रोलने धुऊन हवा मारावी, स्टीलची तार किंवा सुई कधीही घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि नंबर खोटा ठरतो.

आमचे इंजिन का चिकटले हे आता उलगडेल. मे महिन्यातील विदर्भाच्या दुपारपेक्षा जानेवारीच्या पहाटेची हवा दहा टक्क्यांहून अधिक घट्ट असते. हवा जास्त येते, पेट्रोल त्याच भोकातून तेवढेच. आधीच बारीक केलेला जेट थंडीत आणखी अपुरा पडला. शिवाय आमच्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे, त्यामुळे पेट्रोल घटले तसे पिस्टनला मिळणारे तेलही घटले. काही बंधू खबरदारी म्हणून तेल जास्त ओततात. त्याने प्रत्येक थेंबात पेट्रोल आणखी कमी होते, हेही ध्यानात घ्यावे. घाटाखालून घाटावर गेल्यास हवा थोडी विरळ होते. तो फरक लहान आहे, त्यासाठी जेट बदलू नये. घाटाखाली, थंडीच्या दिवसांत, नेहमीचा माल लादून जो जेट बरोबर ठरेल तोच ठेवावा.

२०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटवर जुनी गाडी पूर्वीपेक्षा थोडी कोरडी चालते. काल ठीक असलेला जेट आज काठावर येऊ शकतो. इथेनॉल ओलावाही धरते, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी आधी रिकामी करावी, मगच बाजाराला निघावे. जुनी रबरी नळी फुगली असेल तर तीही बदलावी.

काढलेला जेट फेकू नये. आम्ही सुतळीने चिठ्ठी बांधून त्यावर नंबर, महिना आणि प्लगचा रंग लिहून गल्ल्यात ठेवतो. मिस्त्रीकडे जाताना ती चिठ्ठी सोबत न्यावी आणि नवा जेट बसवण्याआधी त्याचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावा.