मद्यपान आणि वाहनचालन : कायद्याच्या परिभाषेचा अर्थ

कायद्यातील एका शब्दाने किती फरक पडतो, याचा प्रत्यय चंदीगडने २०१७ मध्ये घेतला. महामार्गालगतच्या मद्यविक्रीविरुद्ध येथील 'अराइव्ह सेफ' संस्थेने न्यायालयीन लढा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. त्यानंतर चंदीगड प्रशासनाने शहरातील राज्य महामार्ग 'प्रमुख जिल्हा रस्ते' म्हणून अधिसूचित केले. रस्ते तेच राहिले, मात्र मनाई त्यांना लागू होईना. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना ही मनाई लागू नसल्याचे स्पष्ट केले.

दुकान कोठे असावे हा एक प्रश्न. चालकाचे उत्तरदायित्व हा दुसरा. त्याचे उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आहे.

दोन स्वतंत्र कसोट्या

कलम १८५ मध्ये मद्य व अमली द्रव्य यांच्या कसोट्या भिन्न आहेत. मद्याबाबत प्रश्न प्रमाणाचा आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास गुन्हा घडतो. वाहन नीट चालविले होते, हा बचाव ठरत नाही. हे ३० मिलिग्रॅम रक्तातील मद्यार्काचे माप आहे, पेल्यातील मद्याचे नव्हे. अमली द्रव्याबाबत मात्र वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास चालक असमर्थ होता, हे पाहिले जाते. वाहन चालविण्याचा प्रयत्नही या कलमात येतो.

चाचणी, नकार व मुदत

कलम २०३ श्वासचाचणीविषयी, तर कलम २०४ प्रयोगशाळा चाचणीविषयी आहे. वाजवी कारणाशिवाय चाचणीस नकार दिल्यास तो कलम २०५ नुसार अभियोग पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देऊ शकतो. नागरिकालाही संरक्षण आहे : कलम १८५ खाली अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास कलम २०२ प्रमाणे त्याची सुटका करावी लागते.

शिक्षा

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपप्रेरणा देणाराही कलम १८८ नुसार तितक्याच शिक्षेस पात्र ठरतो.

जीवितहानी झाल्यास

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मृत्युमुखी पडले. हा केवळ निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध, हा कळीचा प्रश्न होता. परिणामाची जाणीव असूनही केलेली कृती सदोष मनुष्यवध ठरते, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चालकाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून हाच भेद कलम १०६ व कलम १०५ मध्ये आढळतो.

रस्त्याची संज्ञा अधिसूचनेने बदलता येते. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण तसे बदलता येत नाही. म्हणूनच मद्यपानानंतर वाहनास हात न लावणे, हेच या परिभाषेचे व्यावहारिक सार होय.